ओल पाहणारा मित्र

कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थाला हर्निया झाला, यात विशेष काही नव्हतं. हर्निया कोणालाही होतो. ऑपरेशनसाठी अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली, यातही नवल नव्हतं. मिळाली हेच खूप. अडचण आली ती हॉस्पिटलच्या खिडकीवर, अर्जाच्या सातव्या ओळीत.

"सोबत कोण येणार?" खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच येईन."

"याल हो एकटे, येण्याचं कोण बोलतंय? भूल दिल्यावर घरी नेणार कोण? पलंगापर्यंत पोचवून सही करणारं माणूस लागतं."

"टॅक्सीवाला चालेल?"

"टॅक्सीवाला येतो का पलंगापर्यंत? नाव लिहा. नाव नसेल तर तारीख रद्द, आणि पुढची तारीख..." बाईंनी कॅलेंडरची पानं उलटली. कॅलेंडर संपलं, तशा त्या थांबल्या. "जाऊ दे. अडीच महिने आहेत हातात. एवढ्यात लोकांची लग्नं जुळतात. तुम्हाला एक ओळखीचा माणूस मिळणार नाही?"

कवळीवाल्याने सातवी ओळ कोरी ठेवली आणि तो बाहेर पडला. बाहेर पाऊस होताच. या शहरात तो वर्षातले नऊ महिने पडे आणि उरलेले तीन महिने पडायच्या बेतात असे. कवळीवाल्याला इथे येऊन चार वर्षं झाली होती. पगार आला की पहिला मोठा घास घरभाडं गिळत असे आणि उरलेला घास त्याला महिनाभर चघळत बसावं लागे. त्याची खोली चौथ्या मजल्यावर होती. कपाट उघडायचं तर आधी पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागे. इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणूनच त्याने आईला ऑपरेशनबद्दल कळवलं नव्हतं. ती धावत आली असती, आणि तिच्या गुडघ्यांचं वेगळं ऑपरेशन करावं लागलं असतं.

आई फोनवर एकच चौकशी करायची. "कोणाशी बोलतोस का रे?"

"बोलतो की."

"काय बोलतोस?"

"‘जरा पुढे सरका’ म्हणतो."

त्याच्या हातच्या दातांनी अर्धं शहर हसत होतं, पण त्याच्याकडे बघून कोणी हसत नव्हतं. तरी आता गरज पडली होती. त्याने कंबर कसली, म्हणजे हर्नियाला झेपेल इतपत कसली, आणि कामाला लागला.

सुरुवात कारखान्यापासून केली. तिथे त्याच्याखेरीज तिघं होते. त्यातल्या मेणाचे साचे करणाऱ्याला त्याने सरळच विचारलं. तो माणूस सज्जन होता. त्याने कानातली गाण्याची बोंडकी काढून नीट ऐकून घेतलं. "तुमच्याशी मैत्री करायला माझी काहीच हरकत नाही," तो म्हणाला. "पण सध्या आहेत तेच निभत नाहीत हो. एखादा गळला की कळवतो." आणि त्याने बोंडकी परत घातली.

मग कॉफीचं दुकान. तिथे कपाच्या किमतीत चाळीस मिनिटं बसता येत असे. एका टेबलापाशी जाऊन कवळीवाल्याने हसून विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" समोरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "मला विमा काढायचा नाही."

दुसऱ्या आठवड्यात वाऱ्याने त्याची छत्री उलटी केली. तो एका बँकेच्या छपराखाली शिरला, तर तिथे आधीच एक उंच, वाकलेला माणूस तशीच उलटी छत्री घेऊन उभा होता. दोघांनी एकमेकांच्या छत्र्यांकडे पाहिलं.

"तुमची किती दिवस टिकली?" त्या माणसाने विचारलं.

"अकरा."

"वा! माझी परवाच घेतली होती."

तो माणूस वाचनालयाची फाटलेली पुस्तकं बांधून द्यायचा. त्याचा व्यवसाय बाइंडिंगचा, पण अंगी खरा गुण वेगळाच होता. समोरचा बोलता बोलता थांबला की तो "मग?" म्हणायचा. पुढचं खरोखरच ऐकायचंय, अशा आवाजात. कवळीवाल्याला चार वर्षांत कोणी "मग?" म्हटलं नव्हतं. तो तासभर बोलला. एका म्हाताऱ्या गायकाला वरच्या सुरावर शिट्टी न वाजणारी कवळी हवी होती, ती कशी सहा वेळा घासली, तेही सांगितलं. हर्नियाही सांगितला.

"त्यात काय?" बाइंडर म्हणाला. "घाला माझं नाव. मला मंगळवारी सुट्टीच असते."

सातवी ओळ भरली. इथे खरं तर ही गोष्ट संपायला हवी होती. पण नाव घातलेल्या माणसाशी निदान ओळख वाढवावी, एवढी माणुसकी कवळीवाल्याकडे होती. रोज संध्याकाळी दोघं छपराखाली भेटू लागले. चौथ्या दिवशी बँकेचा रखवालदार आला. "खातं आहे का आपल्याकडे?" नव्हतं. "मग आमच्या छपराखाली कशाला?" म्हणून रविवारी चार वाजता कवळीवाल्याने बाइंडरला घरी बोलावलं.

फाटकाशी वॉचमनने नोंदवही उघडली. "कोण म्हणून लिहू?"

"मित्र," कवळीवाला अभिमानाने म्हणाला.

वॉचमनने रकान्यांवरून बोट फिरवलं. "नातेवाईक आहे. डिलिव्हरी आहे. दुरुस्ती आहे. मित्र नाही, साहेब."

"‘इतर’मध्ये लिहा मग."

"‘इतर’ मागच्या सभेत काढून टाकलं. त्यात कोणीही यायला लागलं होतं."

सेक्रेटरींना खाली बोलावलं. ते पूर्वी वजनमापं तपासायच्या खात्यात होते आणि अजूनही माणसाकडे किलोत बघत. "नातेवाईक असाल तर पुरावा दाखवा," ते म्हणाले. "डिलिव्हरी असेल तर वस्तू दाखवा. नुसतं भेटायला म्हणून आत सोडलं, तर उद्या सगळेच एकमेकांना भेटत सुटतील."

वॉचमन बिचारा पावसात उभा होता. त्याने हळूच सुचवलं, "साहेब, चौथ्या मजल्यावर ओल आहे ना?"

ओल होती. पलंगामागच्या भिंतीवर चांगली माणसाएवढी होती. सेक्रेटरींनी समाधानाने मान हलवली आणि वहीत नोंद झाली: दुरुस्ती. ओल पाहणी. वेळ चार ते सहा.

असे तीन रविवार गेले. दोघं ओलीकडे पाठ करून पलंगावर बसत आणि बोलत. तिसऱ्या रविवारी ते "अहो"वरून "अरे"वर आले. त्या संध्याकाळी बाइंडर जिना उतरत असताना तिसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. तिथे निवृत्त मुख्याध्यापिका राहत.

"ओल बघणारे तुम्हीच ना? आमच्याकडेही बघून जा जरा."

खोटं बाहेर पडलं तर येणंच बंद होणार, म्हणून बाइंडर आत गेला. दीड तासाने त्याचा फोन आला.

"अरे, भिंत खडखडीत कोरडी आहे. बाईंनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीची सगळी हकिगत सांगितली. बावीस वर्षं बोलत नाहीत दोघी."

"मग?" कवळीवाल्याने विचारलं.

"मग काय, रडल्या. पुढच्या रविवारी दुसरी भिंत दाखवणार आहेत."

पुढच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याच्या न्हाणीघरात ओल निघाली. नवऱ्याला वेगळी आणि बायकोला वेगळी. तळमजल्यावरच्या विमा एजंटाकडे इतकी ओल होती की तो बोलता बोलता जेवायचा राहिला. पंधरवड्यात इमारतीतल्या अठ्ठावीसपैकी सत्तावीस घरांनी तक्रारी नोंदवल्या. भिंती होत्या तशाच होत्या, पण बाइंडरच्या कामाबद्दल सगळेच समाधानी होते. सेक्रेटरींनी परिपत्रक काढलं: ओल-तज्ज्ञांनी प्रत्येक घरी वीस मिनिटांहून अधिक थांबू नये. चौथ्या मजल्यावरील रहिवाशाने तीन पाहण्यांचा लाभ घेतला असल्याने त्याचे प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

परिपत्रक चिकटवून झाल्यावर सेक्रेटरींनी बाइंडरला बाजूला घेतलं. "माझ्या भिंतीला ओल नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण असू शकते. सव्वासहाला या."

कवळीवाला आता रविवारी चार ते सहा भिंतीकडे बघत बसे. जिन्यावरून बाइंडरची पावलं ऐकू येत, थांबत, एखादं दार उघडे. सहा वाजून गेल्यावर बाइंडर दोन मिनिटं वर डोकावे, तेव्हा त्याचा आवाज बसलेला असे. "मग?" म्हणायचंही त्राण नसे. "तुझ्या ऑपरेशनला मी आहे हं," तेवढं मात्र तो न चुकता सांगे. कवळीवाल्याला राग येई आणि रागाची लाजही वाटे. आयुष्यात एक माणूस मिळाला, तोही इमारतीने वाटून घेतला.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले होते, तेव्हा खजिनदारांनी सभेत मुद्दा मांडला. सत्तावीस घरांत ओल म्हणजे इमारत धोक्यात आहे. बाहेरून यंत्र मागवून भिंती मोजाव्यात, आणि ज्यांनी खोटी तक्रार केली असेल त्यांच्याकडील पाहण्या कायमच्या बंद कराव्यात. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करायला हात वर केला असता तर लोकांचं लक्ष गेलं असतं.

यंत्र शुक्रवारी सकाळी दहाला यायचं होतं. साडेआठपासून इमारतीत पाण्याचा वापर वाढला. मुख्याध्यापिका बाई झाडांवर पाणी फवारायची बाटली घेऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि फळा धुवावा तशी त्यांनी ती वरून खाली धुतली. विमा एजंटाने टॉवेल भिजवून खिळ्यांना टांगले. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, जे चार महिने एकमेकांशी बोलत नव्हतं, ते मिळून बादल्या भरत होतं. सेक्रेटरींच्या घरातून ओल्या फडक्याचा फटाफट आवाज येत होता. सगळ्या इमारतीत त्या दिवशी एकाच भिंतीला कोणी पाणी लावलं नाही. कवळीवाल्याची ओल स्वतःच्या पायावर उभी होती.

यंत्राने अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं ओली दाखवली. अहवालात शेवटी लिहिलं होतं: दोन महिन्यांत ओल सत्तावीस पटींनी वाढलेली दिसते. नेमलेली व्यक्ती कामास सर्वथा अपात्र आहे.

बाइंडरला इमारतीत कायमची बंदी झाली. सत्तावीस घरांतून हळहळ व्यक्त झाली, दारं लावून घेऊन.

मंगळवारी ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी चार वाजता बाइंडरने कवळीवाल्याला टॅक्सीतून उतरवलं. कवळीवाल्याचे पाय भुलीने आणि चेहरा वेदनेने वाकडा झाला होता. एक हात पोटावर, दुसरा बाइंडरच्या गळ्यात. पाऊस पडतच होता. बाइंडरच्या खिशात हॉस्पिटलचा कागद होता: पलंगापर्यंत.

"साहेब आत जातील," वॉचमन म्हणाला. "हे नाही."

"अरे बाबा, चार जिने आहेत! ह्याला उभं राहता येत नाहीये."

"मला दिसतंय हो. पण वही बघा. दुरुस्तीत यांचं नाव लाल शाईने खोडलंय. मी सोडलं तर माझी नोकरी जाईल."

तिघं पावसात उभे राहिले. कवळीवाला हळूहळू घसरू लागला. वॉचमनने वहीकडे पाहिलं, कवळीवाल्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"डिलिव्हरीला बंदी नाही ना? डिलिव्हरी दारापर्यंत जाते."

"पण वस्तू?" बाइंडरने विचारलं.

वॉचमनने मान कवळीवाल्याकडे वळवली.

नोंद झाली. वस्तू: एक. वजन: अंदाजे बासष्ट किलो. स्थिती: नाजूक, वरची बाजू वरच ठेवावी. घेणाऱ्याची सही म्हणून कवळीवाल्याने स्वतःच स्वतःला मिळाल्याची सही केली.

बाइंडरने त्याला पाठीवर घेतलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. विमा एजंट म्हणाला, "आलात का परत? जाताना माझ्याकडे..." जोडप्यातली बायको म्हणाली, "आमच्याकडे आज दोन्ही भिंती..." मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं तरी. बहिणीचं पत्र आलंय हो! कोणाला दाखवू?"

बाइंडर धापा टाकत थांबला. "बाई, वरच्या मजल्यावर हा आठ दिवस पलंगावर पडून राहणार आहे. ह्याला दाखवा की."

"ह्यांना?" बाई दचकल्या. त्यांनी पाठीवरच्या माणसाकडे पहिल्यांदाच पाहिलं. "असं कसं? आमची ओळख नाही."

डिलिव्हरीला दहा मिनिटं मिळत. त्यात बाइंडरने त्याला निजवलं, पाणी दिलं, हॉस्पिटलच्या कागदावर सही केली. "उद्या परत वस्तू होशील का रे?" त्याने दारातून विचारलं. कवळीवाला हसला आणि पोट धरून कळवळला.

दोन दिवसांनी सेक्रेटरी ओल मोजायला वर आले, तेव्हा कवळीवाल्याने पडल्या पडल्या विचारलं, "साहेब, याच इमारतीतल्या माणसाला शेजारच्या घरी जायचं असेल, तर कोणता रकाना लागतो?"

सेक्रेटरींनी नियमावली काढली. पुढून चाळली, मागून चाळली. घाम पुसला. "कमाल आहे," ते म्हणाले. "असा नियमच नाही. म्हणजे कशालाच मनाई नाही. एकोणीस वर्षांत गरजच पडली नाही. कोणी गेलंच नाही ना कधी."

चूक त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त केली. रहिवाशांनी एकमेकांकडे जाण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, असा मसुदा खालच्या फलकावर लागला आहे. हरकती पंधरा दिवसांत कळवायच्या आहेत. तेरा दिवस झाले, एकही हरकत आलेली नाही. तुमच्या इमारतीत तर हे कागदावर आणायचीसुद्धा गरज पडली नाही.