पांडूकाका लोंबकळून बघतात

पांडूकाका माणसांना रामराम करत नाय, भिंतींना करतात. खरं सांगते. सकाळी बाजारात निघाले की आधी जुनी धर्मशाळा, मग बंद पडलेली भाताची गिरण, मग टपालहपिसाची दगडी भिंत. बोटानं टकटक ठोकायचं, कान लावायचा आणि म्हणायचं, "उभी हाय. आज नाय पडत." जन्मभर गवंडीकाम केलं, आता सत्तरी गेली, पण तपासणी चालूच. चहावाला म्हणतो, काका, माझी टपरी पण बघा की. काका म्हणतात, तिला नाडीच नाय.

मी गिरणीमागच्या जुन्या चाळीत राहते. नवरा खोपोलीला कारखान्यात, सकाळी जातो तो सांजच्यालाच येतो. बाळ झालं आणि माझ्या जिवाला घोर. वरची तुळई काळीकुट्ट, तिलाच झोळी टांगलेली. मी आठवी शिकलेली, मला तुळईतलं काय कळतंय? झोळीखाली गोधड्या घालायची, गोधड्यांवर उशा, आणि वर बघत बसायची.

शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी टोपी माझ्या हातात दिली, झोळीचा दोर धरला आणि पाय वर घेऊन लोंबकळले. काटकुळ्या नडग्या, वटवाघूळच. बाळ हसलं. मी कुठली हसते, मला वाटलं म्हातारा आता आपटतोय. "उभी हाय," ते वरनंच म्हणाले.

तवापासनं रोज पहिलं आमच्याकडं येतात, लोंबकळतात, मग बाजारात. शेजारणी म्हणतात, म्हातारा झोके घ्यायला येतो गं तुझ्याकडं.

परवा लोंबकळायच्या आधी तुळई काठीनं ठोकली. परत ठोकली.

"पोटात वाळवी हाय. बाळाला नको टांगू."

मी बाळाला उचलून घेतलं. खाली मुंग्या, नवरा कामावर, ठेवू कुठं बाळाला?

"झोळी घे नि चल."

त्यांचं घर मागच्या आळीत, सोता बांधलेलं, एकटेच राहतात. खिडक्यांचे गज गंजलेले, पण वर स्लॅबला दोन कड्या, तेल लावून लख्ख. कोणासाठी म्हणून विचारलं.

"नातवासाठी सोडल्या व्हत्या. तो मोहोपाड्याला. आता सातवीत हाय गं."

मी झोळी बांधायला गेले तर थांब म्हणाले, आणि आपल्याच हातानं घातलेल्या स्लॅबच्या कड्यांना दोर बांधून लोंबकळून बघितलं. मग झोळीचा दोर धरून बसले, ते दुपारपर्यंत.

त्या दिवशी बाजारातल्या भिंतींकडं कोणी गेलंच नाय.