गोमाजींशी ओळख

आमच्या कॉलेजात काचेच्या नव्याकोऱ्या भांड्यांचं एक कपाट होतं. ते विद्यार्थ्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, हेच आपलं काम आहे असं गोमाजी म्हात्र्यांनी ठरवून टाकलं होतं. मुलांच्या वाट्याला यायची ती तडे गेलेली पात्रं आणि द्रव थेंबाथेंबाने मोजायच्या ब्युरेटी, त्याही गळक्या. मी रसायनशास्त्राचा नवा डेमॉन्स्ट्रेटर. मी चांगली ब्युरेट मागितली की ते म्हणत, "फुटली तं? काच हाय ती. रुसलेला जावाय नाय, समजूत काढली का परत येल."

पनवेलात तेव्हा कॉलेज नवंच होतं. करंजाड्याचे गोमाजी मिठागरातलं काम सोडून प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून लागले होते. खाकी डगल्याची बटणं गळ्यापर्यंत लावून ते टेबलांमधून पहारा देत. कुणाच्या हातून काही फुटलं, की त्या मुलाचं नाव 'फोडणीवाले'.

एका वर्षी उरणकडचा नामदेव कोळी आला. डोक्याने तल्लख, पण ब्युरेट हातात घेतली की हात थरथरायचा. एक फुटलीच. विभागप्रमुख वर्गादेखत म्हणाले, "तुझे हात जाळं ओढायलाच ठीक आहेत." काचा गोळा करता करता गोमाजीही म्हणाले, "या, फोडणीवाले." वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून नामदेव यायचा बंद झाला.

काही दिवसांनी गोमाजी माझ्या टेबलाशी घुटमळले. "तो कोली येत नाय."

"तुमची भांडी वाचली," मी म्हणालो.

गोमाजी रविवारी एस. टी.ने उरणला गेले आणि त्याला घेऊन आले. तिथे काय बोलणं झालं, ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. सोमवारी तास संपल्यावर गोमाजींनी कपाट उघडलं, नव्या ब्युरेटमध्ये साधं पाणी भरलं आणि ती नामदेवपुढे धरली. "फोड. मंग तुजा भ्या जाल."

त्याने खरंच एक फोडली. गोमाजींनी झाडू घेतला आणि दुसरी काढून दिली.

हळूहळू इतर मुलंही थांबू लागली. कुणाला बर्नरची भीती, कुणाला ॲसिडची. गोमाजी शेजारी नुसते उभे राहत. तेवढ्याने मुलांना धीर येई. 'फोडणीवाले' हा शब्द प्रयोगशाळेतून नाहीसा झाला.

हे विभागप्रमुखांच्या कानावर गेलं. "शिपाई शिकवायला लागला, तर आम्ही काय भांडी घासायची?" त्यांनी मला विचारलं. उत्तर सोपं होतं, पण विचारणारे विभागप्रमुख होते. गोमाजींची रवानगी सायकल स्टँडवर झाली.

नामदेव पुढे एम. एस्सी. झाला आणि आमच्याच विभागात नोकरीला लागला. रोज सकाळी तो सायकल गोमाजींकडे ढकलायचा, "सावलीत लाव रे" म्हणायचा आणि मागे न बघता निघून जायचा. गोमाजी सीट पुसून सायकल सावलीत लावायचे.

एक दिवस मला राहवलं नाही. "तो ओळखसुद्धा देत नाही, आणि तुम्ही त्याची सायकल पुसता?"

"मीच सांगितलाय त्याला, हितं मला वलखू नको म्हनून. शिपायाचा चेला म्हनून पोरा हसतील त्याला."

बराच वेळ ते हातातलं फडकं झटकत राहिले. मग म्हणाले, "पन येवढ्या लगेच ऐकंल, असा वाटला नव्हता."