कीथला न दिसलेला बिटर्न

“दिसला!” म्यूरियलबाई म्हणाल्या.

“दिसला,” बॅझिल म्हणाला.

“मला कधीचाच दिसतोय,” रॉडनी फॉसडाइक म्हणाले. ते थॉर्पवेल पक्षीमंडळाचे अध्यक्ष होते. त्यांना कुठलाही पक्षी नुसता दिसत नसे, कधीचाच दिसत असे.

मग तिघंही कीथकडे वळले.

“मला नाही दिसत,” कीथ म्हणाला.

लपणातल्या तीन दुर्बिणी खाली आल्या. लपण म्हणजे तळ्याकाठची लाकडी खोली. तिच्यात बाकावर दाटीवाटीने बसायचं, फटीतून बाहेर पाहायचं, आणि चार माणसं, चार थर्मास आणि म्यूरियलबाईंचा खोकला यांचा पक्ष्यांना पत्ताच नाही, असं समजायचं.

“नाही दिसत म्हणजे?” रॉडनींनी विचारलं. निवृत्तीपूर्वी ते हेडमास्तर होते आणि प्रश्न अजूनही त्याच आवाजात विचारत.

प्रसंग बाका होता. मेलहॅम मंडळाशी दरवर्षी मे महिन्यात होणारी पक्षीशर्यत संपायला चाळीस मिनिटं उरली होती. पहाटे चारपासून संध्याकाळी सातपर्यंत ज्या संघाच्या वहीत जास्त जातींचे पक्षी, तो जिंकला. नियम एकच: संघातल्या चौघांनीही पाहिला किंवा ऐकला, तरच पक्षी धरायचा. तपासायला कोणी येत नसे, कारण सगळा मामला सभ्य माणसांच्या शब्दावर चाले. मेलहॅमचे एकशे आठ झाल्याची खबर होती. थॉर्पवेलचेही एकशे आठ होते; बिटर्न, म्हणजे बोरूत लपून राहणारा बगळ्याचा भाऊबंद, धरला तर एकशे नऊ. चषक सलग सात वर्षं मेलहॅमच्या पबमध्ये होता, आणि तिथे त्यात खारे शेंगदाणे ठेवतात हे थॉर्पवेलमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

कीथ संघात आला तो नेहमीच्या चौथ्या गड्याच्या पित्ताशयाच्या कृपेने. नगरपालिकेच्या गटार खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने पहिल्याच आठवड्यात घरातले मसाले उंचीप्रमाणे लावले. तेव्हा त्याची बायको ब्रेंडा म्हणाली होती, “एक तर तू पक्षी बघायला जा, नाहीतर मी वकील बघते.” तीन महिने तो मंडळाचा उमेदवार सभासद होता. कायम सभासदाला लपणाची किल्ली मिळे. किल्ली मिळाली की माणूस हवा तेव्हा घराबाहेर पडू शकतो, आणि ब्रेंडाही तेवढ्यासाठीच किल्लीची वाट पाहत होती. कायम कोणाला करायचं हे रॉडनी ठरवत.

“पाण्यातला तो तुटका बोरू दिसतोय?” म्यूरियलबाईंनी मायेने विचारलं.

“सगळेच तुटके आहेत.”

“त्यातल्या जास्त तुटक्याच्या डावीकडे. चोच आभाळाकडे करून उभाय बघ, राजा.”

“कीथ, डोळे आहेत की बटणं?” बॅझिल म्हणाला. बॅझिलने सकाळपासून बावीस पक्षी नुसत्या आवाजावर ओळखले होते. वाऱ्याने शीळ घालतं म्हणून कानातलं यंत्र त्याने पहाटेच काढून खिशात ठेवलं होतं.

शेवटी रॉडनींनी स्वतःची तिपाईवरची दुर्बीण नेमकी रोखून दिली. ती दुर्बीण ते कोणाला देत नसत, त्यामुळे कीथने श्वास रोखून डोळा लावला.

“हा खांब आहे,” तो म्हणाला.

“अहो, बिटर्न खांबासारखाच दिसतो!” रॉडनी ओरडले. “माणूस आला की मान वर करून उभा राहतो, हलत नाही. तेच तर त्याचं कसब! पुस्तक वाचता की उशाला घेता?”

“पण याच्यावर आकडा आहे. चार.”

तिघांनी पुन्हा फटीतून पाहिलं.

“पायात कडं असेल,” म्यूरियलबाई म्हणाल्या. “अभ्यासासाठी घालतात ना.”

“आकडा मानेवर आहे.”

“हल्ली मानेवरपण घालतात,” बॅझिल म्हणाला. त्याला नेमकं तेवढं ऐकू आलं होतं.

एवढ्यात दार उघडून मेलहॅमचा कॅप्टन कॉलिन ग्रिमवेड आत आला. शर्यतीच्या शेवटी शत्रूच्या लपणात सहज डोकावण्याची त्याला सवय होती. तिपाईचा रोख पाहून तो हसला. “बिटर्न ना? आम्ही पहाटेच घेतला. चौघांनी. काय सुंदर पक्षी!”

कीथच्या डोक्यात गटार खात्यातला हिशेबी माणूस जागा झाला. त्याने रॉडनींच्या कानाला तोंड लावलं. “साहेब, हा खांब आहे असं आपण आत्ता सांगितलं, तर त्यांचे एकशे सात होतात. आपण जिंकलो!”

रॉडनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सात वर्षांचा चषक एका वाक्यावर आला होता, पण ते वाक्य “मला कधीचाच दिसतोय” म्हणणाऱ्या माणसाने बोलायचं होतं.

“कीथ,” ते दातांतल्या दातांत म्हणाले, “आपण सभ्य माणसं आहोत. तुम्हाला किल्ली हवीय ना? मग नीट बघा.”

कीथ नीट पाहू लागला. सहा पन्नास झाले. “दिसला” हा एक शब्द, पण तोंडातून निघेना. तीस वर्षं त्याने गटारांचे अहवाल लिहिले होते आणि तुंबलेलं गटार वाहतंय असं एकदाही लिहिलं नव्हतं.

सहा पंचावन्नला तळ्याचा रखवालदार गुडघाभर रबरी बूट घालून पाण्यात उतरला. सरळ खांबापाशी गेला, जाकीट काढून त्याच्या टोकाला अडकवलं आणि वाकून पाण्याची पातळी मोजू लागला.

“किती जवळ गेला तो!” म्यूरियलबाई कुजबुजल्या. “आणि पक्षी हलतसुद्धा नाहीये!”

“धीराचा आहे,” रॉडनी म्हणाले.

“सकाळी आमच्या वेळीही असाच उभा होता,” कॉलिनने पुस्ती जोडली.

तेवढ्यात रखवालदाराच्या उजव्या हाताला, दहा पावलांवर, बोरू सळसळले. त्यातून एक मोठा पक्षी वर आला. वाळल्या गवताचा रंग, अंगभर काळ्या रेघा, मान आखडलेली, पाय मागे लोंबते. घुबडासारखे रुंद पंख मारत तो तळ्यावरून अगदी पाण्यालगत गेला. पुस्तकातलं बिटर्नचं बावन्नावं पान जसंच्या तसं उडत होतं.

“दिसला!” कीथ उभा राहून किंचाळला.

“शाब्बास!” रॉडनींचं पेन वहीवर टेकलेलंच होतं. “सहा सत्तावन्न. बिटर्न. चौघे. एकशे नऊ!”

“तो नाही, हा! हा बघा, उडाला! बघा तरी!”

बॅझिलने मान वळवली नाही. म्यूरियलबाई थर्मास बंद करत होत्या. कॉलिनने डोळ्याच्या कोपऱ्यातून तळ्याकडे पाहिलं आणि रॉडनींकडे बघून हसला. सात वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही मंडळांचं एकमत झालं होतं.

“तो राखी बगळा,” कॉलिन म्हणाला.

“पहिल्या वर्षी होतं असं,” रॉडनी मोठ्या मनाने म्हणाले. “दोन्ही सारखेच वाटतात. नजर हळूहळू तयार होते.” आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून कीथच्या तळहातावर ठेवली.

पक्षी पलीकडच्या बोरूत उतरला आणि दिसेनासा झाला. कीथने तोंड उघडलं. किल्लीकडे पाहिलं. मिटलं.

“खरंच, साहेब,” तो म्हणाला. “फार धीराचा आहे.”

बाहेर रखवालदाराने वहीत आकडा लिहिला आणि बिटर्नवरचं जाकीट काढून अंगात घातलं.