बाबांच्या पायातल्या मुंग्या

सोसायटीच्या पोहण्याच्या तलावातला गंज मी आठवड्यात संपवला! सेक्रेटरी म्हणून माझं हे पहिलं आणि, पुढे कळेलच, शेवटचं कार्य. पाण्यातली शिडी, जाळ्या, पाइपांची तोंडं, सगळं प्लॅस्टिकचं! एका गंजक्या लोखंडी तुकड्याला मागून हिरवी वायर जोडलेली होती. तुकडा फेकला. वायर सेवानिवृत्त साहेबासारखी बिनकामाची दिसली, म्हणून भिंतीतच कोंबली.

काम संपल्यावर चौथ्या दिवशी बाबा पाण्यातून ओरडले, "अरे, मुंग्या! पायात मुंग्या आल्या!"

अर्धांगवायूनंतर वर्षभर बाबांचा डावा पाय म्हणजे शेजाऱ्यांनी सांभाळायला दिलेली वस्तू. काठाचं स्टीलचं रेलिंग धरून ते रोज पाण्यात चालत. आता मुंग्या, म्हणजे पाय जागा झाला! ताई फोनवरच रडली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नस उठतेय, आजोबा! सोडू नका!"

बाबा दिवसातून तीनदा पाण्यात. माळ्यावरचे बूट काढून त्यांनी पॉलिश केले. काठी सुनेला दिली. "जळमटं काढायला घे."

रविवारी ती सूनही, म्हणजे माझी बायको, पाण्यात उतरली. रेलिंग धरताच किंचाळली, "अहो, मलाही मुंग्या येतायत!"

"वा!"

"वा काय? माझे दोन्ही पाय धड आहेत!"

वायरमन आला. मीटर लावला आणि ओरडला, "आधी आजोबांना बाहेर काढा!"

पंपातून करंट गळत होता.

"पाणी, रेलिंग, पंप, सगळं एका वायरीनं जोडलेलं लागतं, साहेब. मग झटका बसत नाही. त्यासाठी पाण्यात धातू हवा. तो कुठंय?"

"गंजला होता."

"मग क्लोरीनला टिकणारं स्टील लावायचं! प्लॅस्टिक लावून काय होणार? कपाळ?"

पंप बदलला. वायरमननं चांगल्या स्टीलचा तुकडा बसवून त्याला भिंतीतली वायर आवळली. मीटरवर शून्य! मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

बाबा उतरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले.

"काही नाही," म्हणाले. "थांब, पुन्हा बघतो."

पुन्हा गेले. मग वायरमनजवळ येऊन हळूच म्हणाले, "अगदी थोडासा ठेवता नाही का हो येणार?"

वायरमनची जीभ एरवी कात्रीसारखी. तो पक्कड पुसत राहिला, मग माझ्याकडे बघू लागला.

"टॉवेल आणतो," मी म्हणालो आणि निघालो.

टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.