ऑर्फिलियाबाईंचा तुंबा

खेळ ऑनलाइन दुकानात लागून आठवडाही झाला नव्हता, तोच त्याच्या नावाखाली 'भयखेळ' असा शिक्का बसला.

"मामा, हा मी नाही लावला," हिमेना म्हणाली. "खेळ कुठल्या प्रकारात मोडतो ते खेळणारेच ठरवतात. बहुमतानं."

मोंतेविदेओच्या वाचनालयात अडतीस वर्षं पुस्तकांना चिठ्ठ्या डकवलेल्या आन्सेल्मोला घाम फुटला. त्यानं कधी पाकशास्त्र ज्योतिषाच्या कपाटात जाऊ दिलं नव्हतं. आणि या खेळातले संवाद तर त्यानंच लिहिलेले, चित्रं भाचीची. अंगणात बसायचं, ऑर्फिलियाबाई येर्बाच्या पाल्याचा कडू काढा तुंब्यात भरून देतील तो नळीनं ओढायचा, गप्पा मारायच्या. बस्स. यात भय कुठलं? आपलं लिहिणंच इतकं वाईट असेल का, असंही त्याला वाटून गेलं.

खरी पंचाईत पुढेच होती. खेळातल्या ऑर्फिलियाबाई म्हणजे त्याची थोरली बहीण, हिमेनाची आई. नावासकट हुबेहूब. आणि ती रविवारी खेळ बघायला येणार होती.

दोघांनी अभिप्राय उघडले. एका परदेशी गृहस्थानं लिहिलं होतं, 'पहिला घोट घेऊन मी आभार मानले. म्हातारीनं तुंबा काढून घेतला. एक शब्द नाही. मग दार लागलं आणि खेळ संपला. मला अजून झोप नाही.'

"अगं, पण आभार मानले म्हणजे 'आता पुरे' असंच झालं ना?" आन्सेल्मो म्हणाला. "शेंबड्या पोरालाही कळतं. आणखी प्यायचं असताना कोण आभार मानतं?"

"सगळं जग मानतं, मामा. आपण सोडून."

"मग ताईला तेव्हा जरा हसायला लाव."

हिमेनानं लावलं. आता म्हातारी तुंबा काढून घेताना हसू लागली. दुसऱ्या दिवशी नवा शिक्का आला: 'मानसिक भय'. आन्सेल्मोनं तिच्या तोंडी "पुन्हा या हं" घातलं. त्यावर आला 'कच्च्या काळजाच्यांनी टाळावे'. शेवटी त्यानं तीनदा खाडाखोड करून दुकानाला नम्र पत्र लिहिलं. उत्तर आलं: अभिनंदन, आपला खेळ भयखेळांच्या जत्रेसाठी निवडला आहे.

रविवारी ऑर्फिलिया आली. चष्मा चढवून तिनं शिक्के वाचले, मग अभिप्राय. हिमेना उगाचच जेवणासाठी उकळत ठेवलेली रॅव्हिओली ढवळत राहिली.

"पहिल्याच घोटाला आभार मानले यानं?"

"हो, ताई."

"मग मी हाकललं ते बरंच केलं."

आन्सेल्मोचा जीव भांड्यात पडला. तिनं तुंबा भरून पुढे केला. त्यानं लांबलचक घोट घेतला, आणि सुटलो एकदाचे या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे, ताई."

ऑर्फिलियानं तुंबा काढून घेतला. एक शब्द नाही. मग ती हसली.

जेवताना आन्सेल्मो भाचीच्या कानाशी वाकला. "पोरी, ते शिक्के राहू देत," तो म्हणाला. "पुस्तक योग्य कपाटात आहे."