बोरखेडकर बाईंची लाल रेघ

दर एक तारखेला आमच्या शाळेच्या मस्टरवर लाल शाईची एक रेघ उमटायची. मी शाळेचा कारकून. मी वळणदार अक्षरात 'सौ. जगताप' लिहायचो आणि बाई ते खोडून वर 'बोरखेडकर' लिहून सही ठोकायच्या.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी हेच. एरवी बाई शुद्ध मराठीत भूगोल शिकवायच्या, पण आडनावाचा विषय निघाला की गावची भाषा उसळायची. "भाऊसाहेब, आडनाव म्हंजे काय उशीचा अभ्रा हाय व्हय, लगीन झालं की बदलायला?"

बाईंचे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेत. देवमाणूस! बाईंना न्यायला आले, की आमचा शिपाई त्यांनाच "या बोरखेडकर" म्हणायचा, आणि ते हसत चहा प्यायचे. डोक्याला ताप फक्त माझ्या!

शेवटी हेडसरांनी बजावलं, "शनिवारपर्यंत सर्व्हिस बुकात नवऱ्याचं नाव लागलं पाहिजे. नाहीतर मी वर कळवतो." मी बाईंना परोपरीनं समजावलं. निदान दोन्ही तरी जोडा म्हटलं, 'बोरखेडकर-जगताप'.

"आगगाडीला डबा जोडताय व्हय? हाय तेच ऱ्हाऊ द्या की!"

"अहो, नोकरीवर येईल!"

"येऊ द्या!"

शनिवारी बाई शाळेत फिरकल्याच नाहीत. मी मनात म्हटलं, जिरली एकदाची. सोमवारी आल्या, त्या सुजलेल्या डोळ्यांनी थेट माझ्या टेबलापुढं.

"गावाला गेले हुते, भाऊसाहेब. उजनीच्या धरणात गाव जाणार हे लगनाआधीच ठरलं हुतं, आता पाणी चढलं. आमचं घर, शाळा, मारुतीचं देऊळ, समदं गेलं. माणसं कुणी कुटं, कुणी कुटं पांगली. जगतापांचं गाव हाय तितं हाय, आन् माणूस बी लई चांगला. पर माझं बोरखेड आता तुमच्या ह्या मस्टरात तेवढं उरलंय. खोडा आता!"

माझी मान खाली गेली. बाईंना मी दोन वर्षं हेकट म्हणत होतो, आणि त्या गावाची एकदा साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. हेडसर दारातच उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लिहा, भाऊसाहेब."

मी मस्टर उघडून नवीन ओळीवर 'बोरखेडकर' लिहिलं. बाई वाकून बघत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"जरा ठळक लिवा की. पुसाय नगं."