परसूअण्णांचा पंखा

आमच्या परसूअण्णांकडे गेलात तर ते तुम्हाला पाणी विचारणार नाहीत. आधी तुमच्या अंगावरून नजर फिरवतील. मग उपरणं, मफलर, टोपी, सैल घड्याळ, शर्टाबाहेर लोंबणारी माळ, जे जे सुटं असेल ते फाटकापाशीच उतरवून घेतील. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या वरबापाचा फेटा त्यांनी काढून पेरूच्या फांदीवर ठेवला. तो गृहस्थ पत्रिका न देताच निघून गेला. अण्णांना त्याचं काही नाही. "पंखा पावणा-रावळा ओळखत न्हाई," म्हणाले.

हा पंखा विमानाचा. होय, विमानाचाच. रामनगरहून जोयड्याकडे जाताना रस्त्याकडेला एक बंद पडलेली भाताची गिरणी लागते. गिरणी अण्णांची, आणि तिच्या शेडमध्ये अण्णांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं विमान उभं आहे. अॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणून रंगवलेलं कापड, मोटारसायकलची चाकं आणि पुढे एका जुन्या गाडीचं इंजिन. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी मांडव घालायला घेतला आणि मध्येच सोयऱ्यांचं भांडण झालं.

चुलतभाऊ म्हणून सांगायला लाज वाटते, पण ते उडत नाही. उडवायला परवाना नाही आणि जागाही नाही. समोर भाताची खाचरं, खाचरं संपली की रान, आणि ते रान पार अणशीपलीकडे. एकदा जंगल खात्याचा गार्ड आवाज ऐकून आला.

"हे उडतंय काय हो?"

"न्हाई."

"मग आवाज कसला?"

"सुरू होतंय की!" अण्णा छाती काढून म्हणाले.

गार्डाने फांदीवरची आपली टोपी घेतली आणि विमानाकडे वळूनही न बघता निघून गेला. विमानाची एवढी अवहेलना मी एकट्यानेच करतो असा तोवर माझा समज होता.

तर या विमानाचा सगळा प्रवास शेडपासून फणसाच्या झाडापर्यंत. रविवारी सकाळी ते ढकलत बाहेर आणायचं, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, शेपूट जाड दोराने फणसाला बांधायचं आणि पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. थोडा वेळ त्याची घरघर ऐकायची. बंद करायचं. ढकलत आत न्यायचं. याला अण्णा "काम" म्हणतात. आमच्याकडे याहून किरकोळ गोष्टींसाठी माणसांना धारवाडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन दाखवलं आहे.

पंखा फिरवण्याचं मात्र त्यांचं एक शास्त्र आहे, आणि ते तुम्ही न विचारता ऐकवलं जातं. "बोटं वाकवायची न्हाईत. तळवा सपाट, भाकरी थापल्यागत. वाकलेलं बोट अडकलं की गेलंच. पाय कोरड्या भुईवर. वरून खाली वडायचं आणि त्याच झटक्यात मागं सरायचं. पुढं वाकंल तो मूर्ख." त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती, मागं सरणारे आणि मूर्ख. माझी भांड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं, माझे व्याही, माझी बायको आणि मी, अशी आमची सगळी मंडळी त्यांनी दुसऱ्या जातीत घातली आहे. पहिल्या जातीत तूर्त ते एकटेच.

पण हे काम एकट्याचं नव्हे. आत बसायला दुसरं माणूस लागतं. त्याचा पाय ब्रेकवर, हात स्विचपाशी. बाहेरून अण्णा विचारणार, "बंद?" आतल्याने स्विच बंद करून, हाताने चाचपून ओरडायचं, "बंद!" मग अण्णा पंखा नुसताच हळू फिरवून पेट्रोल आत ओढून घेणार. मग "चालू?" "चालू!" आणि मग खरा झटका. उत्तर आल्याशिवाय ते पात्याला बोट लावत नाहीत. "एकट्यानं सुरू करायला गेला तो एकटाच मरतोय," हे त्यांचं दुसरं सुभाषित.

आतली जागा पूर्वी शेजारच्या बसप्पांची होती. बसप्पा मूळचे हळियाळकडचे. मराठी फर्डं बोलतात, पण दचकतात कन्नडमध्ये. एका रविवारी मला यायला उशीर झाला होता. एक झटका फुकट गेला होता, इंजिन पेटलं नव्हतं आणि स्विच तसाच चालू होता. अण्णा सकाळपासून बसप्पांना कन्नडमध्ये विचारत होते, "बाळ्या बंदा?" म्हणजे बाळ्या आला का? मी पन्नाशीचा, दोन सुनांचा सासरा, पण अण्णांना बाळ्याच. बसप्पा प्रत्येक वेळी फाटकाकडे बघून नाही म्हणत होते.

मी फाटकातून आत शिरलो आणि नेमकं त्याच वेळी अण्णांनी मराठीत विचारलं, "बंद?"

बसप्पांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "बंदा! बंदा!" ते आनंदाने ओरडले.

अण्णांनी निर्धास्त पातं ओढलं आणि इंजिन फाडकन पेटलं. तळवा सपाट होता आणि पाय सवयीने मागे सरले, म्हणून हात हाताच्या जागी राहिला. माझ्या हातातली भज्यांची पुडी खाली पडली. बसप्पांनी स्विच बंद केला, खाली उतरले आणि म्हणाले, "ना वल्ले, अण्णा." मला नको हे. ते पुन्हा कधी विमानात बसले नाहीत. आणि शिव्या कुणाला? मला. "येळंवर आला असतास तर भाषा मधी आली नसती!"

मग ती जागा माझ्या गळ्यात पडली. गळ्यात म्हणण्यापेक्षा पोटात. कारण आत बसलो की पोट आणि समोरचा सुकाणूचा दांडा यांत एकाने माघार घ्यावी लागते, आणि दांडा लोखंडी आहे. अण्णांनी शब्दही बदलले. दोन्ही भाषांत घोटाळा होणार नाही असे त्यांनी शोधून काढले. "मेलं?" असं ते विचारतात, मी आतून "मेलं!" असं ओरडतो. मग "जित्तं?" "जित्तं!" रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी रामनगरच्या बाजाराची पाटी खाली ठेवून आत आली होती.

"कोण गेलं ओ?"

"इंजिन," अण्णा म्हणाले.

"अरे देवा. वय काय हुतं?"

असं चाललं होतं. मग मागच्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार आला. गवतावर दव होतं आणि इंजिन काही पेटत नव्हतं. अण्णा झटके देऊन दमले होते. अंगात दम उरला नव्हता, पण तोंड शाबूत होतं. इंजिनालाही त्यांनी दुसऱ्या जातीत घातलं. "जित्तं?" म्हणाले. मी "जित्तं!" म्हणालो. त्यांनी पातं ओढलं आणि त्यांचा पाय घसरला. मागे नाही, पुढे. ते पात्याखाली गुडघ्यांवर पडले, डोकं पात्यापासून वीतभर. इंजिनाने एकदा गुरगुर केली आणि गप्प बसलं. पेटलं असतं तर हे व्यक्तिचित्र लिहायची पाळी आली नसती.

मी स्विच बंद केला. दांड्यातून पोट सोडवून खाली उतरलो. "बास झालं, अण्णा," मी ओरडलो. "पुढच्या रविवारी मी येणार नाही. दुसरं कुणीतरी बघा."

ते फणसाखाली तळवे पुसत बसले. रागात मी इंजिनाकडे बघत राहिलो. मला इंजिनातलं कुकरच्या शिट्टीइतकंही कळत नाही, तरी एक मूर्ख प्रश्न सुचला.

"अण्णा, हे गाडीचं इंजिन ना? गाडी तर किल्ली फिरवली की सुरू होते. मग याचा स्टार्टर कुठाय?"

"काढला."

"मोडला होता?"

"न्हाई. चांगला हाय. आत फळीवर हाय."

"मग काढला कुणी?"

"मीच. वजन व्हतंय की रे."

"जे उडतच नाही त्याला कसलं वजन?"

एरवी या बोलण्यावर त्यांनी मला फाटकाची वाट दाखवली असती. आता ते पायाशी पडलेलं फणसाचं पान उलटंपालटं करत राहिले. "त्यो बसवला की एक माणूस पुरतं, बाळ्या."

"मग बरंच की!" मी म्हणालो. दुसऱ्या जातीतला ना मी.

अण्णा उठले. चाकांपुढचे दगड त्यांनी एकेक करून बाजूला लावले, दोर सोडला, गुंडाळला. मग विमानाच्या एका पंखाला हात लावून उभे राहिले. ढकलायला मी दुसऱ्या बाजूला येतो की नाही, ते माझ्याकडे न बघता थांबले होते. मी गेलो. विमान दोघांनी मिळून आत नेलं.

घरी पोचलो तर सौ. जेवणासाठी खोळंबली होती. "आता पुढल्या रविवारपास्नं तरी घरात ऱ्हाणार न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. "अण्णाकडं दुसरं माणूस लागतंय."

"कशाला?"

"इंजिनाला," मी म्हणालो, आणि ताटावर बसलो.